शाळेनंतरचं शिक्षण: फी माफ झाली, पण बुडालेला रोज कोण देणार?

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्के तरुणांनी रीतसर व्यवसाय किंवा तंत्रप्रशिक्षण घेतलंय. आणखी १६.६ टक्क्यांनी ते अनौपचारिक मार्गानं मिळवलंय, म्हणजे घरच्या धंद्यात, कुणा मिस्त्रीच्या हाताखाली किंवा काम करता करता. असा आकडा आला की आपल्याकडे लगेच निदान होतं: ‘हल्लीच्या पोरांना शिकायलाच नको’, ‘आयटीआयला जायची लाज वाटते’, ‘मोबाइलातून डोकं वर काढतील तर ना’. हे निदान सोयीचं आहे, कारण त्यापोटी कुणालाच खिशात हात घालावा लागत नाही. शाळा सोडलेल्या माणसाच्या एका दिवसाचा हिशेब मांडून बघा. शिकायला न जाण्याची कारणं वेळेत, अंतरात आणि सगळ्यात जास्त बुडणाऱ्या मजुरीत सापडतात. हौस बऱ्याच जणांना असते.

शाळेनंतरचं शिक्षण म्हटल्यावर पटकन कॉलेज आठवतं. ते बाजूला ठेवू, कारण बाकीचा पसाराच मोठा आहे. त्यात आयटीआय आली, तंत्रनिकेतन आलं, मुक्त विद्यापीठ आलं, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिलेली दहावी-बारावी आली. कारखान्यातली अप्रेंटिसशिप आणि कामावरचं ट्रेनिंग आलं. शिवाय बचत गटाच्या बैठकीत शिकलेला हिशेब, कृषी सहायकानं बांधावर घेतलेली शेतीशाळा, प्रौढ साक्षरता वर्ग, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमालासुद्धा आली. पहिल्या प्रकारात हातात सर्टिफिकेट पडतं, दुसऱ्यात कधी पडतं कधी नाही, तिसऱ्यात बहुतेक वेळा नाहीच.

मोजायचं कसं, इथूनच घोळ सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत यासाठी एक निर्देशांक आहे. तो विचारतो, ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही कुठल्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात भाग घेतलात का?’ वर दिलेला आपला आकडा विचारतो, ‘आजवर कधी प्रशिक्षण घेतलंय का?’ आठ वर्षांपूर्वी वेल्डरचा ट्रेड पास केलेला आणि त्यानंतर काहीही नवं न शिकलेला माणूस आपल्या मोजणीत बसतो, त्या दुसऱ्या मोजणीत बसत नाही. युरोपीय संघानं २०२१ साली ठरवलं की २०३० पर्यंत दर वर्षी ६० टक्के प्रौढांनी काही ना काही प्रशिक्षण घेतलेलं असावं. पण कामाच्या जागी अनुभवी माणसानं शेजारी उभं राहून शिकवलेलं त्या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे ‘तिकडे साठ, इकडे चार’ अशी तुलना कुणी ऐकवली, तर साठ हे अजून गाठायचं उद्दिष्ट आहे आणि प्रश्नही वेगळा आहे, हे त्याला जरूर सांगा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त शिकणं होतं ते याच न मोजलेल्या जागी. गॅरेजमध्ये पहिले काही महिने पोरगं पाने पुसतं, चहा आणतं, चाक खोलताना नट कुठल्या क्रमानं काढले ते बघतं. मग एक दिवस उस्ताद त्याला ऑइल बदलायला सांगतो आणि स्वतः पाठ फिरवून दुसऱ्या गाडीकडे जातो. हे पाठ फिरवणं म्हणजेच परीक्षा. तीन-चार वर्षांत पोरगं इंजिन उतरवायला लागतं. कुठल्याही सर्टिफिकेटवर त्याचं नाव नसतं. सर्वेक्षण करणारा दारात आला, तर हे ‘प्रशिक्षण’ म्हणून सांगायचं असतं, हेही त्याच्या डोक्यात येत नाही.

शिकलेल्यालाच आणखी शिकवणं

प्रौढ शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्याच्या पदरी आधीच भरपूर शिक्षण आहे, तोच पुढे आणखी शिकतो. ज्याचं शिक्षण लवकर सुटलं, तो पुढेही शिक्षणाच्या वाटेला कमी जातो. यात स्वभावाचा भाग थोडा, व्यवस्थेचा जास्त. हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीत इंजिनिअरला नवी प्रणाली शिकायची असेल, तर कोर्सचे पैसे कंपनी भरते, वेळ ऑफिसचा असतो, पगार चालू असतो. त्याच इमारतीत लादी पुसणारी बाई ठेकेदाराची माणूस. तिला कुणी काही शिकवायचं ठरवलंच, तर ते तिनं सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या भाड्यानं येऊन शिकावं अशी अपेक्षा असते.

अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ साली प्रौढांच्या शिकण्यातल्या अडथळ्यांची तीन प्रकारांत मांडणी केली. काही अडथळे माणसाच्या परिस्थितीतले, काही संस्थेनं उभे केलेले, काही मनातले. मांडणी जुनी असली तरी अजून वापरात आहे. आपल्याकडे मात्र या तिन्हींना सारखं वजन देऊन चालत नाही. परिस्थितीचा अडथळाच बाकी दोघांना पुरून उरतो.

त्याचा साधा हिशेब असा. समजा, बांधकामावरच्या हेल्परला ५०० रुपये रोज मिळतो. त्याला प्लंबिंगचा तीन महिन्यांचा दिवसाचा कोर्स करायचाय. कोर्स सरकारी योजनेतला, फी शून्य, वरून टूलकिटही मिळणार. पण ७५ दिवस वर्गात बसायचं म्हणजे ३७,५०० रुपयांचं काम सोडायचं. ‘मोफत’ कोर्सची ही खरी किंमत, आणि ती जाहिरातीत कुठेच छापलेली नसते. आता हा माणूस घरातला एकटा कमावता असेल तर? त्याला शिक्षणाचं महत्त्व पटवून देणारं भाषण करून काय उपयोग! ते त्याला आपल्यापेक्षा जास्त पटलेलं असतं. म्हणून तर तो पोराच्या ट्यूशनला पैसे भरतो.

आयटीआयचंही तेच. फी फार नसते, पण दोन वर्षं कमाई नाही. महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या प्रशिक्षणार्थींना कित्येक वर्षं महिन्याला ४० रुपये विद्यावेतन मिळत होतं. ते २०२४ साली ५०० रुपये करायचा निर्णय झाला. ४० रुपयांत आजच्या दिवसात दोन वडापावांपुढे जाता येत नाही, म्हणजे ही वाढ मोठीच. तरी ५०० म्हणजे वर सांगितलेल्या हेल्परचा एका दिवसाचा रोज.

संस्थेचे अडथळे कमी दिसतात, कारण ते कागदावर नियम म्हणून असतात. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत हवा, जातीचा दाखला हवा, आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची गाडी इथेच अडते. वर्ग सकाळी अकरा ते पाच. तालुक्याहून गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला, आणि ती चुकली तर मुक्काम कुठे करायचा? मुलींच्या बाबतीत हा प्रश्न घरचे पहिल्यांदा विचारतात आणि तिथेच विषय संपतो. मनातले अडथळेही खरेच असतात. दहावीला गणितात गेलेला माणूस वीस वर्षांनी फळ्यासमोर बसला की त्याच्या पोटात तसाच गोळा येतो. ‘आता या वयात’ हे शब्द चाळिशीतल्याच नाही, बाविशीतल्या माणसाच्या तोंडूनही ऐकू येतात.

वेळ बदलली की माणसं येतात

कामाची वेळ आणि वर्गाची वेळ एकच, या अडचणीवरचा सगळ्यात जुना उपाय महाराष्ट्राला दीडशेहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शाळेत या म्हणण्यात अर्थ नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं. मुंबईतल्या रात्रशाळा याच विचारावर चालत आल्या आहेत. संध्याकाळी दिवसाच्या शाळेची इमारत रिकामी झाली की साडेसहाच्या सुमाराला दुसरी शाळा भरते. लहान मुलांच्या मापाच्या बाकांवर कॅन्टीनमधले, कुरिअरवाले, दुकानात काम करणारे आणि घरकाम करणाऱ्या मुली बसतात. पहिल्या तासाला निम्मा वर्ग रिकामा, कारण मालकानं सोडलेलं नसतं. शेवटच्या तासाला डोळे मिटू लागलेले. अशा वर्गात शिकवणं हे निराळंच कसब आहे, आणि त्यासाठी आपल्या शिक्षक प्रशिक्षणात जवळपास काहीच शिकवत नाहीत.

मुंबईतच मार्च १९६७ मध्ये वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. कल्पना अशी की कामगाराला काय शिकायचंय ते आधी त्याला विचारायचं, वर्ग त्याच्या पाळीप्रमाणे लावायचा, आणि हातातलं कसब व बाकीचं जगाचं ज्ञान वेगळं न करता एकत्र द्यायचं. पुढे देशभर अशी केंद्रं निघाली, २००० साली त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं आणि २०१८ पासून ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. निरक्षर, नवसाक्षर, आठवीपर्यंत शिकलेले आणि बारावीपर्यंत कुठेतरी शाळा सुटलेले १५ ते ४५ वयाचे लोक त्यांच्यासमोर असतात. बायकांचं प्रमाण तिथे मोठं आहे, ही जमेची बाजू. पण बायका म्हटल्या की शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर, हा ठोकळा फोडायला आपल्याला अजून जमलेलं नाही. एका गल्लीत दहा जणी शिवणकाम शिकल्या तर अकरावीनं ब्लाउज कुणाचे शिवायचे?

वेळेचं महत्त्व मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावानं फार छान दाखवलं. ठाणे जिल्ह्यातल्या या छोट्या गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं, आणि आज्यांच्या मागणीवरून. त्यांना पोथी स्वतः वाचायची होती. साठीच्या पुढच्या या आज्या गुलाबी लुगडं हाच गणवेश करून, पाटी-पेन्सिल घेऊन यायच्या. वर्ग दुपारी दोन ते चार, कारण सकाळची कामं उरकलेली असतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब असतो. शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या शाळेची बातमी जगभर गेली ती लुगड्यांच्या फोटोमुळे. मला त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो तो दोन ते चार हा वेळ.

साक्षरतेच्या मोठ्या मोहिमांचाही हाच अनुभव आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेली ग्राम शिक्षण मोहीम गावानंच उचलून धरली होती. शाळामास्तर आणि शिकलेली मुलं शिकवायची, गावातच वर्ग भरायचे. आता केंद्राचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. तो १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी असून शिकवणारे स्वयंसेवक असतात. परीक्षा १५० गुणांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. याच कार्यक्रमाखाली ३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झालं. नाव लिहिता येण्यापासून बँकेचा अर्ज स्वतः भरण्यापर्यंतचं अंतर मात्र अजून बरंच असतं, आणि ते एका परीक्षेत मोजता येत नाही.

शिकता शिकता पगार

मजुरी बुडण्याच्या अडचणीवर वेळ बदलणं हा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे शिकण्याचेच पैसे देणं. अप्रेंटिसशिप ती हीच. आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के असावी लागते. त्याच नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्याला महिन्याला किमान ५,००० रुपये, दहावी झालेल्याला ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं.

अप्रेंटिसशिप चांगली चालते तिथे ती काय देते, हे एसटीच्या कार्यशाळांत दिसतं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत आणि डेपोंमध्ये आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून लागतात. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलानं पहिले आठवडे लोखंडी पट्टीला कानस मारण्यात घालवलेले असतात. कड सरळ झाली की ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचा, उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. कंटाळवाणं काम, पण त्यातूनच हाताला नजर येते. कार्यशाळेत आल्यावर मात्र त्याला कळतं की इथे पट्टी नाही, उद्या सकाळी रस्त्यावर जाणारी गाडी आहे. बोल्ट किती आवळायचा हे पुस्तकात असतं. गंजलेला बोल्ट न मोडता कसा सोडवायचा, ते शेजारचा जुना मेकॅनिक दाखवतो.

कायद्यात एक मेख आहे, ती मुलांना आधीच सांगितली पाहिजे. कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगार कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. मुदत संपल्यावर नोकरी द्यायची सक्तीही मालकावर नाही. चांगल्या मालकाच्या हाती ही तरतूद शिकवायला मोकळीक देते. वाईट मालकाच्या हाती ती स्वस्त मजूर मिळवायची खिडकी बनते. चाकण, रांजणगावसारख्या औद्योगिक पट्ट्यांत काही वर्षांपूर्वी ‘नीम ट्रेनी’ हा शब्द सर्रास ऐकू यायचा. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या २०१३ च्या ‘नीम’ या रोजगारक्षमता वाढवण्याच्या योजनेतून आलेले हे प्रशिक्षणार्थी. शिकणं नावाला आणि कायम कामगाराच्या शेजारी उभं राहून तेच काम कमी पैशांत, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. ओळखायची खूण सोपी आहे. वर्षभर एकाच मशीनवर एकच बटण दाबायला लावलं असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे, मग त्याला नाव काहीही द्या.

राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही याच कोड्यात सापडली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये, मुदत सहा महिने. पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली. अनेकांना सरकारी कार्यालयांत बसवलं गेलं आणि मुदत संपत आल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनं झाली. मुलांना दोष देणं सोपं आहे. पण फायली लावणं, नोंदी करणं हेच काम महिनोन्महिने केलं तर माणसाला आपण शिकतोय असं वाटेल की नोकरी करतोय असं?

सर्टिफिकेटला बाजारात वजन किती

एक उलटं उदाहरण घेऊ, जिथे माणसं फी भरून, स्वतःहून, झुंडीनं आली. एमएस-सीआयटी. २००१ साली एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) आणि राज्य सरकारच्या पुढाकारानं आलेला हा संगणकाचा कोर्स. सरकारी नोकरीत तो मागितला जाऊ लागला आणि तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात पहिल्या मजल्यावर सेंटर निघालं. शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक, भरतीची तयारी करणारी मुलं, सगळ्यांनी तो केला. त्याआधी हेच टायपिंगच्या बाबतीत होतं. मराठी ३०, इंग्रजी ४० शब्दांची सरकारी परीक्षा, आणि एका खोलीत वीस मशीनांचा खडखडाट. २०१७ साली टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा झाली आणि सगळं संगणकावर गेलं. या दोन्ही ठिकाणी कुणाला ‘जनजागृती’ करावी लागली नाही. सेंटर जवळ होतं, बॅच सकाळी सातपासून रात्रीपर्यंत कधीही मिळत होती, रोज एक तास पुरे होता, आणि त्या कागदानं नोकरीचं दार उघडत होतं. त्यातलं किती जणांना पुढे संगणक खरंच वापरता आला, हा वेगळा आणि जरा अडचणीचा प्रश्न आहे.

कौशल्याच्या बहुतेक नव्या सर्टिफिकेटांना हे वजन अजून आलेलं नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक चांगला विचार होता: ज्याला काम येतंच, त्याला पुन्हा पहिलीपासून शिकवू नका, थोडी उजळणी घ्या, परीक्षा घ्या आणि येत असलेल्या कामाचा दाखला द्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातले हजारो कामगार बाहेर फेकले गेले, तेव्हा त्यांच्या हातात वर्षानुवर्षांचं कसब होतं, पण ते दाखवायला कागद नव्हता. हा विचार तेव्हा असता तर काय झालं असतं, असं वाटून जातं. मग आजचं चित्र आठवतं. मजूर नाक्यावर सकाळी गवंड्याचा रोज ठरवताना मुकादम सर्टिफिकेट मागत नाही. मागची भिंत कुठे बांधलीस, एवढंच विचारतो. दाखल्यामुळे दिवसाची मजुरी पन्नास रुपयांनी वाढणार नसेल, तर त्यासाठी एक दिवसही कुणी का बुडवावा?

वाट पुढे जात असेल तर मात्र माणूस कष्ट काढतो, हे सुद्धा दिसतं. महाराष्ट्रात दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मराठी, इंग्रजी या भाषांचे बोर्डाचे पेपर दिले तर बारावीची समकक्षता मिळते. म्हणजे ‘आयटीआयला गेला म्हणजे संपला’ हे खरं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी विद्यापीठानं पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. पुस्तकं घरी, संपर्क सत्रं बहुधा रविवारी, जवळच्या कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रावर. नोकरी न सोडता कितीतरी हवालदार, अंगणवाडी सेविका, कंडक्टर याच वाटेनं पदवीपर्यंत गेले. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, धरतात, आणि वर्गातलं, कार्यशाळेतलं व कामावरचं शिक्षण एकाच खात्यात जमा करायची सोय आहे. कागदावर ती फार चांगली आहे. आता गावच्या कॉलेजातल्या कारकुनानं ते क्रेडिट ओळखायला हवं.

कामातूनच शिकवण्याचा एक जुना, भक्कम प्रयोग पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मन न रमलेली, नापास झालेली मुलं-मुली इथे वर्षभर राहून ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम करतात. वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य, सगळ्याला हात लावायचा. फक्त सरावासाठी वस्तू करून भंगारात टाकायच्या नाहीत. गावातल्या माणसाला लागणारं फाटक, शेड, अवजार करून द्यायचं आणि त्याचा हिशेबही स्वतः मांडायचा. भूमितीत नापास झालेला मुलगा फाटकाचा कर्ण मोजताना पायथागोरस वापरतो, कारण कर्ण चुकला तर फाटक वाकडं लागतं आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही. साताऱ्याकडे म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं हेच बायकांच्या धंद्याच्या शिक्षणात केलं. बाईला तालुक्याला यायला जमत नाही, तर वर्ग बसमध्ये बसवून गावात नेला.

आता तुम्ही स्वतः, किंवा घरातलं कुणी, कोर्सच्या शोधात असाल, तर फीच्या आधी काही गोष्टी विचारा. वर्ग किती वाजता आणि आठवड्यातून किती दिवस, यावर बुडणारा रोज ठरतो. तो आधी कागदावर काढा, जाण्या-येण्याचं भाडं त्यात घाला. सर्टिफिकेट कोण देणार? संस्थेच्या मालकाची सही असलेला रंगीत कागद आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची (एनसीव्हीईटी) मान्यता असलेलं प्रमाणपत्र यांत फरक आहे. हा कोर्स करून पुढे कुठल्या कोर्सला प्रवेश मिळतो, ते विचारा. उत्तर ‘बघू’ असं आलं तर समजून जा. शेवटच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलायला मिळेल का, तेही विचारा. चांगली संस्था नंबर देते. अप्रेंटिसशिप असेल तर कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तुमचा करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलाय का ते स्वतः लॉगिन करून बघा, आणि त्यावर लिहिलेला ट्रेड व विद्यावेतनाची रक्कम तुम्हाला तोंडी सांगितल्याप्रमाणेच आहे ना, ते ताडून घ्या. करार नोंदलेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही अप्रेंटिस नाही, आणि वर्षभरानंतर परीक्षेला बसायचं म्हटलं तर तुमचं नाव यादीत सापडणार नाही.